डावी वीस, उजवी वीस

१

बर्फ खोटं बोलत नाही. त्याच्यावरून जो जातो त्याचं पाऊल, त्याचं चाक, त्याची घाई आणि त्याचा हेतू तो जसाच्या तसा जपून ठेवतो. वाचणारा मात्र हवा.

हे वाक्य डॉ. मिलिंद परचुरे यांना रविवारी सकाळी अपघाताच्या जागी जाताना गाडीत सुचलं, आणि त्यांना ते आवडलंही. ते पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगरातला सगळा पुरावा गटारातून खळाळत खाली चालला होता.

पोलिसांचं म्हणणं थोडक्यात असं: सकाळी सव्वासातच्या सुमाराला लाल रंगाची, दोन सीटांची एक स्पोर्ट्स कार वळणावर मागून घसरली, स्वतःभोवती फिरली आणि दगडी भिंत फोडून खालच्या कुरणात गेली. आत एकटे डॉ. मोहन देवस्थळी, वय अडुसष्ट, निवृत्त भूलतज्ज्ञ. जागेवरच गेले. दारू नाही, दुसऱ्या वाहनाचा धक्का नाही. एका ड्रायव्हरने फोन करून कळवलं. मिलिंद पोचले तेव्हा गाडी उचलून नेली होती. भिंत दोन ठिकाणी फुटली होती आणि कुरणात मेंढ्या होत्या. त्यांनी काही पाहिलं असलंच, तरी सांगण्याची त्यांची तयारी दिसत नव्हती.

मिलिंद निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं त्यांनी ज्यांना प्रश्न विचारले ते बहुतेक मेलेले होते, त्यामुळे उत्तरं सरळ मिळायची. शोधक म्हणून नॉटिंगहॅमच्या महाराष्ट्र मंडळात त्यांचा जो लौकिक होता, तो गणपतीसमोरचा चांदीचा उंदीर हरवला तेव्हापासूनचा. त्यांनी तो दोन दिवसांत शोधून दिला होता. व्हॅक्युम क्लीनरच्या पिशवीत निघाला.

मंगळवारी मोहनच्या बायकोने, सुप्रभावहिनींनी, त्यांना बोलावून घेतलं. चहा केला, तो समोर ठेवला, आणि चहाशेजारी एक पत्र ठेवलं.

“मोज्यांच्या खणात होतं. ऑक्टोबरमधलं. पार्किन्सन्स. एप्रिलमध्ये लायसन्स परत करायचं म्हणून लिहिलंय. मला काल कळलं.”

मिलिंदनी पत्र वाचलं. पत्र व्यवस्थित लिहिलेलं होतं.

“भावजी, ऑक्टोबर लागला की हा माणूस त्या गाडीवर पांघरूण घालायचा. माझ्या अंगावर कधी घातलं नाही इतक्या मायेनं. मार्चपर्यंत हात लावायचा नाही. आणि परवा बाहेर बर्फ असताना, उजाडायच्या आत, फोन उशाशी ठेवून, मला न सांगता...” त्यांनी कप सरळ केला. तो सरळच होता. “कॉरोनरच्या चौकशीचा निकाल उन्हाळ्याच्या आत लागत नाही म्हणे. तोवर मी डोळा कसा लावू? मला एवढंच सांगा. परत यायचं म्हणून गेले होते, की नुसतेच गेले?”

“बघतो, वहिनी.”

“घरातलं सगळंच जागचं हललंय. बाथरूममधला वजनकाटासुद्धा सापडत नाहीये,” त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. वजनकाट्यासाठी रडल्या असं धरून चालणं दोघांनाही सोयीचं होतं.

फ्रिजवर पोलिसांनी दिलेली मोहनच्या वस्तूंची प्लास्टिकची पिशवी होती. सील तसंच होतं.

२

गुन्ह्याच्या तपासात संशयित नाकारतात आणि तपास करणारा त्यांना पेचात पकडतो, अशी मिलिंदची समजूत होती. इथे जो तो कबुलीजबाब द्यायला टपून बसलेला.

पहिला रघुवीर. हाडांचा डॉक्टर, मंडळाचा अध्यक्ष, आणि चारी चाकांवर चालणाऱ्या एका अवाढव्य गाडीचा मालक. त्याने दार उघडलं आणि कोट काढून घेण्याआधीच म्हणाला, “मीच मारला त्याला.”

“बसून सांग.”

“दिवाळीच्या जेवणात, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, मोहन, तुझी गाडी म्हणजे लग्नातला शालू. वर्षातून चारदा काढायचा आणि चाळीस वेळा दाखवायचा. थेंबभर पाऊस पडला की आत.” रघुवीरने चष्मा पुसला. “सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, ‘या हिवाळ्यात बघ.’ बस, एवढंच. मी विसरूनही गेलो, रे.”

“ती गाडी बर्फात चालते का मुळात?”

“चालते कसली! इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि मागे वजन म्हणून काही नाही. बर्फावर मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. जरा जास्त पाय दिलास की शेपूट पुढे येते. साबणावर उभी केलेली बकरी, दुसरं काय!” तो थांबला. “आणि हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. म्हणून तर डोकं चालत नाही. भूलतज्ज्ञ होता तो, मिलिंद. माझ्या पेशंटला झोपवण्याआधी मशीन दोनदा तपासायचा. मी सुरी घेऊन उभा, आणि हा आपला कागद घेऊन एकेका ओळीवर खूण करतोय. सिरिंजवर लेबल, नळीवर लेबल. पंचवीस वर्षांत एकदाही चुकला नाही. असा माणूस असा जातो?”

मिलिंदनाही तोच प्रश्न होता. असा माणूस चुकत नाही असं धरलं, तर वहिनींच्या प्रश्नाचं एकच उत्तर उरत होतं, आणि ते त्यांना नको होतं.

“शनिवारी संक्रांतीच्या कार्यक्रमालाही आला नाही,” रघुवीर म्हणाला. “सर्दीचं कारण सांगून. मी माइकवर त्याचे आभार मानले आणि तो ऐकायलाही नव्हता.”

३

दुसरा कबुलीजबाब मुलीचा. ईशिता चौतीस वर्षांची, जन्म नॉटिंगहॅमचा, शाळेत भूगोल शिकवते. ती मिलिंदना शाळेसमोरच्या कॅफेत भेटली. वेळ मोजकी होती आणि तिने ती वाया घालवली नाही.

“काका, इट वॉज मी. क्लिनिकमध्ये बाबाबरोबर मीच होते. आईला सांगू नको असा प्रॉमिस घेतला त्याने माझ्याकडून. मग बॉक्सिंग डेला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, मी त्याला बोलली की कार विकून टाक. आत्ताच. वाट कशाला बघतोस? फार वाईट बोलली मी.”

“काय म्हणालीस?”

“की तू कुणालातरी मारशील.” तिने साखरेची पुडी फाडली आणि साखर बशीत ओतली. “तो म्हणाला, ‘मला एक हिवाळा दे.’ मी म्हटलं, नो. त्यानंतर तीन आठवडा आम्ही बोललोच नाही. काका, तीन आठवडा!”

“पण शुक्रवारी तू घरी गेली होतीस ना?”

“हो, आईसाठी. संक्रांतीचा तांदूळ होता, तिच्या गुडघ्याने तिला उचलता येत नाही. दोन मोठ्या बॅगा गॅरेजमधून काढून तिच्या गाडीत टाकल्या. माझा पाठ अजून दुखतो. बाबा लायब्ररीतून यायच्या आधी मी पळाले.” तिच्या डोळ्यांतून आता पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “दहा मिनटं थांबले असते तर? जस्ट टेन मिनिट्स. तो असा गेला नसता. तो जाणूनबुजून गेला, काका. कारण मी नो म्हटलं.”

मिलिंदनी तिच्या हातावर हात ठेवला. आयुष्यभर हातमोजे घालून काम केल्यामुळे हे त्यांना नीट जमत नसे.

शेजारच्या टेबलावरच्या बाईने न विचारता एक टिश्यू पुढे केला. इंग्लंडमध्ये याहून जास्त कोणी कोणासाठी करत नाही.

४

गुरुवारी मिलिंदनी वहिनींची परवानगी घेऊन फ्रिजवरची पिशवी खाली घेतली. वहिनी दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. “मला जमणार नाही,” म्हणाल्या. “तुम्ही बघा आणि सांगा.”

घड्याळ, चष्मा, पाकीट, किल्ल्या. सोबत पोलिसांची टाइप केलेली यादी. गाडीत सापडलेलं: लहान फावडं एक, दोर एक, ब्लँकेट एक, जुन्या कार्पेटचा तुकडा एक, थर्मास एक. हे सगळं शेजारच्या सीटवर आणि सीटखाली. डिकी: रिकामी.

मिलिंदनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. डिकी: रिकामी.

मोहनच्या घरात चमचेसुद्धा आकारानुसार झोपतात. असा माणूस फावडं आणि मळकं कार्पेट आपल्या लाडक्या गाडीच्या चामड्याच्या सीटवर ठेवतो आणि डिकी रिकामी सोडतो? हे तेव्हाच होईल, जेव्हा डिकीत जागा नसेल. किंवा, जागा नाही अशी त्याची खात्री असेल.

यादीच्या तळाशी होतं: ‘कोटाच्या खिशात कागद एक, परकीय लिपीत.’

कागद चार घड्यांचा होता. लिपी अर्थातच देवनागरी, अक्षर मोहनचं, सुवाच्य, सरळ, फक्त शेवटाकडे किंचित थरथरलेलं.

*रविवार १८. साडेआठ, एअरफील्ड, ड्रायव्हिंगचा वर्ग.*
*टायर, दाब पाहिला.*
*फावडं, दोर, ब्लँकेट.*
*कार्पेट, चाकाखाली घालायला.*
*मागच्या चाकांवर ४०. डावी २०, उजवी २०. (बुधवारी)*
*चहा.*
*सु.ला उठवायचं नाही.*
*जेवायला घरी.*

प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. शेवटच्या ओळीपुढे तेवढी नव्हती.

मिलिंद बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. वहिनींचं उत्तर त्यांच्या हातात होतं. आत जाऊन वाचून दाखवायचं, की झालं. पण चौथ्या आणि सहाव्या ओळीच्या मध्ये पाचवी होती. चाळीस किलो वजन मोहनने बुधवारी गाडीत भरलं, खूण केली, आणि रविवारी ते गाडीत नव्हतं. त्याने पुन्हा पाहिलं का नाही? पंचवीस वर्षं दोनदा तपासणारा माणूस?

ते गॅरेजमध्ये गेले. गॅरेज थेट वहिनींच्या झोपायच्या खोलीखाली होतं. गाडीचं पांघरूण घडी करून ठेवलेलं, आणि त्याच्याशेजारी बाथरूममधला वजनकाटा.

गाडी इंजिन बंद ठेवून उतारावरून बाहेर काढता येते, पण डिकी लावताना आवाज होतो. वर वहिनी झोपलेल्या. ‘सु.ला उठवायचं नाही.’

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मोहनने एकदाच तपासलं, आणि तेही बायकोची झोप मोडू नये म्हणून.

आता एकच राहिलं होतं. दोन वस्तू, प्रत्येकी वीस किलो, बाथरूमच्या काट्यावर मोजता येतील अशा. मिलिंदनी वहिनींना ‘उद्या सांगतो’ म्हटलं, कागद खिशात घालून घरी गेले, दिवा लावला, पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले, आणि पेला भरायचा राहून गेला.

५

फ्रिजच्या बाजूला भिंतीला टेकून तांदळाची बॅग उभी होती. वीस किलोची, न उघडलेली. शनिवारच्या कार्यक्रमानंतर उरली, मिलिंदची गाडी दाराजवळ होती, म्हणून त्यांच्याकडे आली. पाच दिवस ते या बॅगेला वळसा घालून दूध काढत होते.

त्यांनी ती फिरवली. भिंतीकडच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर, सिरिंजवर लावतात तशी, एक ओळ होती:

*डावी. २०.२ किलो. बुधवार.*

मग सगळं एकेक करून आठवायला लागलं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं. शनिवारी हॉलच्या मागच्या दाराशी वहिनी म्हणाल्या होत्या, “यंदा कमालच झाली, भावजी. यांनी न सांगता तांदूळ आणून ठेवलेत! स्वतःच्या गाडीत! चाळीस वर्षांत पहिल्यांदा.” मिलिंदनी दोन्ही बॅगा वहिनींच्या गाडीतून स्वतः उचलून आत नेल्या होत्या. रघुवीरने माइकवरून डॉ. देवस्थळींचे आभार मानले होते. टाळ्या पडल्या होत्या.

आणि यात कोणाचं काय चुकलं? संक्रांतीच्या आठवड्यात मराठी माणसाच्या डिकीत तांदळाच्या दोन बॅगा दिसल्या, तर त्या मंडळाच्या मसालेभाताच्या, हे कोणीही सांगेल. या देशातला दुसरा कोणी असता तर त्याने वाळू भरली असती. मोहनने तांदूळ भरला. घरात पोतं शोधायला गेलं तर तेच सापडतं. आणि परत आणल्यावर खाताही येतं.

वहिनींनी पाहिल्या. ईशिताने उचलल्या. मिलिंदनी आत नेल्या. रघुवीरने आभार मानले. उजवी बॅग एकशेवीस लोकांनी मिळून खाल्ली. मिलिंदच्या कारकिर्दीत पुरावा नष्ट होण्याचे प्रकार घडले होते. वर तूप घेऊन नष्ट झाल्याचा हा पहिलाच.

त्यांना हसू आलं नाही. ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि मित्रासाठी पहिल्यांदा रडले.

मग कागद समोर घेतला. वरचा भाग आणि खालचा भाग दाखवायचा आणि मधली ओळ दुमडायची, असं करून पाहिलं. घडी व्यवस्थित बसत होती. वहिनींना ‘जेवायला घरी’ मिळेल आणि चाळीस किलो मिळणार नाहीत. कोणाचं काय बिघडणार होतं?

पण वहिनी कागद हातात घेणार. चाळीस वर्षं ज्याच्या याद्या वाचल्या, त्याची शेवटची यादी त्या उलगडणारच.

सकाळी त्यांनी पोलीस अधिकाऱ्याला फोन केला. एक गोष्ट विचारायची राहून गेली होती: गाडी एक, मग भिंत दोन ठिकाणी कशी फुटली?

६

शुक्रवारी दुपारी वहिनी आणि ईशिता दोघी घरी होत्या. मिलिंदनी बॅग उचलून आणली आणि बैठकीच्या मधोमध ठेवली. दम लागला. मग कागद दिला, न दुमडता.

वहिनींनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

“जेवायला घरी,” त्या म्हणाल्या. “मी त्या दिवशी वांग्याचं भरीत करणार होते. त्यांना माहीत होतं.” मग मान वर करून, “म्हणजे यायचं होतं त्यांना.”

“हो, वहिनी. लाल गाडी बर्फावर कशी चालवायची ते शिकायला चालले होते. एअरफील्डवर वर्ग होता. लायसन्स जायच्या आधी एकदा. तयारी पूर्ण होती.”

“बाबा शिकायला गेला?” ईशिता म्हणाली. “तो मरायला नाही गेला?”

“नाही गं.”

ईशिता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. वहिनी मात्र रडत नव्हत्या. त्यांचं बोट कागदावर वर सरकत होतं. पाचव्या ओळीशी थांबलं. त्यांनी बॅगेकडे पाहिलं. उठल्या, गुडघा धरून वाकल्या आणि चिकटपट्टी वाचली.

“हे तांदूळ,” त्या म्हणाल्या.

मिलिंदनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“मला वाटलं मंडळासाठी आणलेत. इतकी खूश झाले मी, भावजी. म्हटलं, म्हातारपणी का होईना, सुधारला माणूस. विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, विचारलं तर सरप्राइज जाईल.”

“आई, मी काढल्या बॅगा,” ईशिता म्हणाली. “मी.”

“मी सांगितलं म्हणून काढल्यास.”

“मी आत नेल्या,” मिलिंद म्हणाले. “रांगेत उभे राहिलात तर मीही आहे. आणि आता माझं एक ऐका. त्या भिंतीला दोन भगदाडं आहेत. दुसरं मीठ टाकणाऱ्या ट्रकचं आहे. मोहननंतर अर्ध्या तासाने तो रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकत आला आणि त्याच वळणावर, तसाच घसरून भिंतीतून गेला. ड्रायव्हर वाचला, त्यानेच उतरून पोलिसांना फोन केला. मी पोचायच्या आत ट्रकही ओढून नेला होता. ट्रक अठरा टनांचा होता, वहिनी. मिठाने भरलेला.”



“भावजी, अठरा टन आणि चाळीस किलो यांतला फरक मला कळतो,” सुप्रभा म्हणाल्या. “आणि तरीही.”

“आणि तरीही,” मिलिंद म्हणाले. याहून जास्त कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

वहिनींनी कागद घडीवर घडी घालत पुन्हा चार घड्यांचा केला आणि ब्लाउजमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “बॅग इथेच राहू दे. मी करीन भात. त्यांनी मोजून आणलेला आहे.”

ईशिताने नाक पुसलं आणि टेबलावरचा बाबांचा फोन उचलला. पाच दिवस ती तो उघडायचा प्रयत्न करत होती. स्वतःची जन्मतारीख टाकून झाली होती, गाडीच्या नंबरातले आकडे टाकून झाले होते. “आई, काय असेल? लास्ट ट्राय.”

“आमच्या लग्नाची तारीख टाक. पण ती नसणार. दर वर्षी विसरायचे.”

तीच होती.

वहिनी उठून खिडकीशी गेल्या. बाहेर पाऊस पडत होता. बर्फाचं नावनिशाण नव्हतं. ईशिता अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत होती. न वाचलेले मेल एकोणीस होते. एक उघडून ती थांबली, आणि फोन तिने मिलिंदच्या हातात दिला.

मेल शनिवारी संध्याकाळी सहा चाळीसला आलेला होता. बर्फावर आणि निसरड्यावर स्पोर्ट्स कार चालवण्याचा रविवारचा वर्ग बर्फामुळे रद्द करण्यात आला होता.